आपसी बदली

"रोज अप-डाऊन करायला मी काय जनावर आहे?" असं सौमित्र म्हणाला तेव्हा मी दारात उभी होते. एक चप्पल निघाली होती आणि दुसरीचा बंद सुजलेल्या घोट्यात रुतून बसला होता. तो माझ्याशी बोलत नव्हता. अप्पांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी बोलत होता, हसत हसत, एका हातात बढतीचा कागद, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. गडहिंग्लजच्या मोजणी कार्यालयातून त्याला कोल्हापूरला बढतीवर घेतलं होतं आणि एक जूनला हजर व्हायचं होतं. "दोन तास जायला, दोन तास यायला. हाडांचा भुगा होतो माणसाच्या. आपण सगळेच जाऊ कोल्हापूरला, अप्पा. तुम्हाला डॉक्टर जवळ, मैथिलीला कॉलेज जवळ." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही बघेल घर. हिला कोल्हापूर पाठ आहे." मी चप्पल ओढून काढली, पर्स खुंटीला लावली, अभिनंदन म्हणाले, पेढा तोंडात टाकला. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सकाळी सातला घरातून निघाले होते, तेरा वर्षं निघत होते तशी. त्या खोलीत तीन माणसं होती, माझा नवरा, माझे सासरे आणि माझी सोळा वर्षांची मुलगी, आणि तिघांपैकी एकालाही त्या वाक्यात काही खटकलं नव्हतं.

मी न्हाणीत जाऊन बादलीत पाय सोडून बसले. गरम पाणी, मूठभर मीठ, हा माझा रोजचा उपचार. जनावर. शब्द काही वाईट नव्हता, नेमका होता. मी शाहूपुरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते, अंतरं काढायची मला खोड आहे. एकदा मी बसमध्ये बसल्या बसल्या हिशेब केला होता: दिवसाचे एकशे चाळीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे वीस दिवस, तेरा वर्षं. चार लाख किलोमीटर. एवढ्यात मी चंद्रावर पोचले असते आणि वर थोडे उरले असते. हे मी घरी येऊन सांगितलं होतं, हौसेनं, आणि सौमित्र टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला होता, "मग येताना काही तरी आणायचंस." आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते. आता पाण्यात पाय हलवताना मला त्या हसण्याचा राग आला, त्याच्या नव्हे, माझ्या. आणि त्याहून जास्त राग याचा आला, की कोल्हापूरला घर झालं तर माझीही सोय होणार होती. शाळा पाच मिनिटांवर, दुपारी घरी येऊन गरम जेवण. तेरा वर्षं जी गोष्ट मी मागून थकले ती आता मला मिळणार होती, पण त्याच्या सोयीच्या मागून, पिशवीवर पिशवी फुकट मिळते तशी. मला ती नको होती. असं मी तेव्हाच ठरवलं असं नाही, पण पाणी गार झालं तरी मी उठले नाही.

मैथिली अडीच वर्षांची असताना मला ही नोकरी लागली. तेव्हा मी शाळेचा नकाशा घरी आणून याच खोलीत पसरला होता आणि निपाणीवर बोट ठेवलं होतं. गडहिंग्लजहून बस संकेश्वर, निपाणी, कागल करत कोल्हापूरला जाते, आणि निपाणी बरोबर मधे आहे. तुला पस्तीस, मला पस्तीस, मी म्हणाले. सौमित्र पोट धरून हसला. "निपाणीला? कर्नाटकात? लोक तिकडून महाराष्ट्रात यायला पिढ्यान् पिढ्या भांडतायत आणि आपण उलटं जायचं? पोरीला कन्नड शिकवायचं?" पुढं कितीतरी लग्नांत, मुंजींत, पंगतीला बसल्यावर त्यानं हा किस्सा सांगितला: आमच्या ऋतानं निपाणीला बिऱ्हाड करायचं काढलं होतं. लोकही हसायचे. मग मी दुसरं मागितलं. सोमवार ते शुक्रवार कोल्हापुरात एक खोली घेते, मैथिलीला बरोबर नेते. त्यावर अप्पा बोलले. अप्पा जुने हेडमास्तर, आवाज कधी चढत नाही, पण बोलले की विषय संपतो. "एका घराच्या दोन चुली नकोत, ऋता." सौमित्रनं मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. मी कोल्हापूरला बदली मागतो." मी त्या वर्ष-दोन वर्षांवर विश्वास ठेवला. दर मे महिन्यात विचारायची, बदलीचं काय झालं? तो म्हणायचा, सरकारी काम आहे, मागून मिळतं का.

आणि त्या वर्ष-दोन वर्षांत मैथिली मोठी झाली. मी निघताना ती झोपलेली असायची आणि मी यायची तेव्हा तिच्या डोळ्यांवर झोप आलेली असायची. मधला सगळा दिवस सौमित्रचा. त्याचं ऑफिस घरापासून सायकलच्या अंतरावर, शाळा सुटली की तो तिला घेऊन यायचा, दूध द्यायचा, पाढे घ्यायचा. तिला ताप असताना एकदा सीमेवरून काहीतरी पेटलं आणि सगळ्या गाड्या कागलला अडवून ठेवल्या. मी एका सहकारी बाईंच्या बहिणीकडे राहिले आणि सकाळी पहिल्या गाडीनं घरी आले, तर ताप उतरलेला, ती त्याच्या मांडीवर बसून खिमट खात होती. मी हात पुढे केले. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुढचा घास घेतला. यात कुणाचा दोष? कुणाचाच नाही. पण पुढे ती शाळेत जायला लागली आणि मी रात्री विचारायची, आज काय झालं गं शाळेत, तेव्हा ती म्हणायची, "सांगितलंय बाबांना." रागानं नव्हे. एकदा सांगून झालेलं पुन्हा कशाला सांगायचं, इतक्या सरळपणानं. मी सौमित्रला विचारायची. तो आठवून चार वाक्यांत सांगायचा आणि कूस बदलायचा. माझ्या मुलीचं बालपण मला असं शिळं मिळालं.

तर मी घरं बघायला लागले. राजवीर नावाचा एजंट होता, माझ्या एका विद्यार्थिनीचा मामा, गळ्यात साखळी, दोन मोबाईल, समोरच्याशीही रस्त्याच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात बोलणारा. "म्याडम, ह्यो बघा. साहेबांच्या हापिसला चालत पाच मिन्टं. पानी चोवीस तास. काय टेन्शनच न्हाय." शाळा सुटल्यावर तो मला स्कूटरवरून हिंडवायचा आणि मी प्रत्येक घरात सौमित्रला उभं करून बघायची. घर छान असलं, पूर्वेचं ऊन येत असलं, खाली भाजीवाली बसत असली, की मला राग यायचा आणि मी म्हणायची, नको. घर वाईट असलं की मी रेंगाळायची. कळंब्याला एक चौथ्या मजल्यावरचं होतं, लिफ्ट नाही. सौमित्रचे गुडघे मला आठवले आणि मी राजवीरला म्हटलं, हे जरा विचारात ठेवा. उजळाईवाडीला एका घराशेजारी मंगल कार्यालय होतं, वरातीचा बेंजो खिडकीत आल्यासारखा वाजत होता. सौमित्रला दुपारची झोप लागते, आवाज चालत नाही. "ह्ये बी ठेवा," मी म्हणाले, त्याच्याच भाषेत. राजवीरनं डोकं खाजवलं. "म्याडम, राग मानू नगा, पर मानसं चांगलं घर शोधत्यात. तुमी काय शोधताय त्येच मला कळंना." मला काय शोधायचं होतं ते मला कळत होतं, पण ते कोल्हापुरात कुठं भाड्यानं मिळत नव्हतं. त्याला तेरा वर्षं द्यायची होती. चौथा मजला आणि बेंजो म्हणजे फारच थोडं होतं.

त्याच आठवड्यात मैथिलीच्या प्रवेशासाठी डोमिसाईलचा दाखला लागणार म्हणून मी कपाटातली सौमित्रची फाईल काढली. दाखला सापडला नाही. बदलीच्या पसंतीक्रमाचे अर्ज सापडले, दर वर्षीची एकेक झेरॉक्स, नीट टाचणी लावून. मोजणीवाल्याची शिस्त. पहिली पसंती गडहिंग्लज, दुसरी आजरा, तिसरी चंदगड. पुढच्या वर्षी, पहिली गडहिंग्लज, दुसरी आजरा. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मी जमिनीवर बसून बारा अर्ज वाचले. कोल्हापूर एकातही नव्हतं. तिसऱ्या जागीसुद्धा नाही, नावालासुद्धा नाही, मला दाखवायला म्हणूनसुद्धा नाही. मी त्या वर्षांचे मे महिने आठवत गेले, तो काय म्हणाला होता, मी कुठली साडी नेसले होते, स्वयंपाकघरात काय शिजत होतं. रडू आलं नाही. उलट फार वर्षांनी डोकं स्वच्छ झालं, परीक्षेचा पेपर सोपा दिसावा तसं. मी अर्ज होते तसे लावून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी निपाणी स्टँडवर उतरून क्रांतीला गाठलं.

क्रांती आमच्याच संस्थेतली, भूगोलाचीच, पण नेसरीच्या शाळेत. तिचं घर कोल्हापुरात, माझं गडहिंग्लजला; ती रोज तिकडून इकडे यायची आणि मी इकडून तिकडे जायची. आमच्या गाड्या सकाळी निपाणीला समोरासमोर लागायच्या, दहा मिनिटं. तेवढ्यात आम्ही खिडकीतून संस्थेचे कागद, तपासलेले पेपर, कधी डब्यातलं धपाटं एकमेकींना द्यायचो. गेली तीन वर्षं ती मला एकच विचारत होती. दोघींनी अर्ज केला तर संस्था आपसी बदली करते, हिच्या जागी ती, तिच्या जागी ही, कुणाचं काही अडत नाही. मी दर वेळी नाही म्हणत आले होते. नेसरी गडहिंग्लजहून अर्ध्या तासावर, मान्य. पण कोल्हापूर सोडायचं माझ्या जिवावर यायचं. कारण कधी तरी आम्ही कोल्हापूरला राहायला जाणार होतो. वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न होता. त्या दिवशी मी म्हणाले, "अर्ज आहे का तुझ्याकडे? आण, सही करते." तिच्या हातातला चहा सांडला. "अहो, पण तुम्ही तर कोल्हापूरला घर बघताय ना?" मी म्हणाले, बघितलं, पसंत नाही पडलं. तिनं स्टँडवरच मला मिठी मारली, कंडक्टर ओरडेपर्यंत सोडली नाही. माझ्या सूडानं कुणाचं तरी कल्याण होतंय याची मला गंमत वाटली, पण मी तो तेवढ्यासाठी घेत नव्हते. मला दोन गोष्टी हव्या होत्या. त्यानं त्या बसमध्ये बसावं, ही एक. आणि बारावीनंतर मैथिली पुण्याला नाहीतर आणखी कुठं जाईल त्याआधीची दोन वर्षं मला हवी होती. मी संध्याकाळी साडेपाचला घरी, ती इथल्या कॉलेजातून घरी, तो रस्त्यावर. जे काही दिवसभरात झालं असेल ते ती आधी मला सांगेल. त्याला मी रात्री चार वाक्यांत सांगेन.

बदलीचा आदेश हातात आल्यावर, रविवारी सकाळी, पोहे खाताना सौमित्रनं विचारलं, "मग, घर मिळालं का?"

"मिळालं," मी म्हणाले. "हेच." आणि कागद पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला. अप्पांच्या समोर मी त्याला अहो म्हणते, एरवी अरेतुरे. त्या दिवशी अहो म्हणताना जिभेला फार बरं वाटलं. "माझी नेसरीला बदली झाली, अहो. एक जूनलाच हजर व्हायचंय."

"मला न विचारता?"

"तुम्ही पसंतीक्रम भरताना मला विचारलं होतंत?"

अप्पांनी विचारलं, कसला पसंतीक्रम, आणि मी ती झेरॉक्सची चळत त्यांच्यापुढे सरकवली. अप्पांनी चष्मा लावला, एकेक कागद उलटला, मुलांची वही तपासताना उलटतात तसा. तेवढ्या वेळात सौमित्रचा चेहरा पडला होता, मग लाल झाला, आणि तो म्हणाला, "ठीक आहे. मला इथं बरं वाटत होतं, भरलं इथलं. गुन्हा केला काय? आता आम्ही तिघं कोल्हापूरला जातो, तू कर तिथून नेसरीला अप-डाऊन. तुला सवय आहे."

मग मैथिली, जी आत्तापर्यंत मोबाईलमध्ये होती, मान वर न करता म्हणाली, "आईनं तेरा वर्षं केलंय बाबा. आता तुमची पाळी." अप्पांनी कागद टाचणी लावून परत केले. "सूनबाईची नोकरी इकडं, तर घर इकडं," ते म्हणाले. "दोन चुली नकोत, असं मी हिला सांगितलं तेव्हा तू मान डोलावली होतीस, सौमित्र. मी बघितलं होतं." मी उठून चहा करायला गेले. ओट्याशी उभी राहून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले. मुलीनं माझी बाजू घेतली होती. जन्मात पहिल्यांदा.

जून महिना मी जिभेवर घोळवून खाल्ला. सकाळी पाचला उठून तो तयार व्हायचा आणि मी पडून राहायची, डोळे उघडे ठेवून. त्याला मी काहीही सांगितलं नाही. साडेसातच्या गाडीला चाकावरची जागा घ्यायची नाही, कंबर मोडते, हे सांगितलं नाही. जाताना उजवीकडे ऊन लागतं, हे सांगितलं नाही. स्टँडवर गाडी वळायच्या आत खिडकीतून पिशवी टाकून जागा धरावी लागते, दाराशी सभ्यपणानं उभं राहणाऱ्याला जागा मिळत नसते, हे तर मुळीच सांगितलं नाही. पहिला आठवडाभर तो निपाणीपर्यंत उभा गेला. रात्री येऊन दिवाणावर उताणा पडायचा, बूट पायातच. मी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि तो मला तेरा वर्षं ज्या सुरात विचारायचा त्याच सुरात विचारायची, "आज उशीर?" त्याच्या घोट्यांवर मोज्याच्या रबराचे वळ उठलेले मी पाहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी आत जाऊन मीठ उगाच वरच्या फळीवर ठेवलं. माणूस इतका कोता असू शकतो हे मला ठाऊक होतं, मी शाळेत शिकवते. पण आपण असू शकतो याचं थोडं नवल वाटलं आणि नवलाबरोबर सुखही.

पण तेरा वर्षं मी त्या गाडीत नुसतीच बसले नव्हते, हे मी विसरले. बायडाबाई नावाची एक बाई कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आया आहे. तीही रोजची. माझी जागा तीच धरायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं सौमित्रच्या खांद्याला माझी जुनी डब्याची पिशवी पाहिली, निळी, कोपऱ्यात शिवलेली, आणि ओरडली, "ओ पावणं, ही पिशवी आमच्या बाईंची न्हवं? तुमी बाईंचं मालक व्हय? मग हुबं का? या की हिकडं!" हे त्यानंच घरी येऊन सांगितलं, तिची नक्कल करत. त्या दिवसापासून त्याला खिडकी. त्याला शेंगा, त्याला भडंग, त्याला संकेश्वरच्या मास्तरांचं वर्तमानपत्र. माझ्या नावावर जमलेलं सगळं त्याला आयतं मिळालं. मी म्हणाले, बरं झालं, आणि भाकरी इतक्या जोरात थापली की ती फाटली.

जुलैत मैथिलीचा निकाल आणि प्रवेश. मी गडहिंग्लजच्या कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. "इथंही सायन्स आहे की," मी म्हणाले. "मी साडेपाचला घरी असेन. तुला गरम खायला मिळेल." ती माझ्याकडे कणवेनं बघत राहिली, मोठ्या माणसांनी लहानांकडे बघावं तशी. "आई, मला कोल्हापूरला मिळतंय. ब्याण्णव टक्के आहेत. आणि बाबा जातातच ना रोज, मी त्यांच्याबरोबर जाईन." मी म्हणाले, दोन-दोन तास बस, अभ्यास कधी करशील, हाडांचा भुगा होतो. ती हसली. "तू केलंस की." मी तिला सांगू शकले असते की ही दोन वर्षं मी माझ्यासाठी राखली होती, त्यासाठी कोल्हापूर सोडलं. पण तसं सांगितलं तर ते मागणं झालं असतं, आणि या घरात मागितलेल्या गोष्टीचं काय होतं ते मी पाहिलं होतं. मी तिच्या डब्याला नवी पिशवी शिवली.

नेसरीहून मी साडेपाचला घरी येते. अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात, आम्ही चहा घेतो, ते पेपरातलं काही वाचून दाखवतात. मग सव्वाआठपर्यंत घरात काहीही होत नाही. मी कपाटं आवरली, पडदे धुतले, पुढच्या वर्षाचे नकाशे काढून ठेवले. साडेपाच ते सव्वाआठ हा वेळ किती मोठा असतो हे मला ठाऊकच नव्हतं, माझा तो कायम संकेश्वरच्या आसपास गेला होता. ती दोघं यायची तेव्हा जेवायची आणि झोपायची. मैथिली पेंगायची. मी विचारायची, कॉलेज कसं आहे, ती म्हणायची, मस्त. प्रॅक्टिकलं सुरू झाली? हो. आणि सौमित्र तिच्याकडे बघून म्हणायचा, "त्या निशिगंधाचं सांग की आईला," आणि ती म्हणायची, "जाऊ दे हो बाबा, मोठं आहे ते." आणि दोघं हसायची. निशिगंधा कोण, हे मला महिनाभरानं कळलं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी भाजी आणायला बाजारात गेले होते, परतताना स्टँडसमोर त्यांची गाडी आत वळताना दिसली म्हणून थांबले. माणसं उतरली. बायडाबाई उतरली, मला बघून ओरडली, "बाई, वाळला की वो तुमी!" ही दोघं उतरेनात. मी खिडकीखाली गेले. मैथिली खिडकीशी होती, त्याच्याकडे वळून बोलत होती, दोन्ही हातांनी, भराभर, मधेच थांबून, केस मागे सारून, पुन्हा सुरू. तिचं तोंड इतकं हलताना मी कधी पाहिलं नव्हतं. काचेमुळे ऐकू येत नव्हतं. सौमित्र ऐकत होता. थकलेला दिसत होता, दाढी वाढलेली, पण ऐकत होता; एकदा त्यानं काही विचारलं आणि तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. गाडी थांबलीय याचा दोघांनाही पत्ता नव्हता. शेवटी कंडक्टर म्हणाला, "उतरा की पावणं, गाडी डेपोत न्यायाची हाय." ती उतरली, मला पाहिलं, आणि वाक्य अर्ध्यात सोडलं. "अगं आई, तू?"

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"काही नाही गं. असंच, आमचं." ती बायडाबाईबरोबर पुढं निघाली.

सौमित्रनं माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यानं रस्त्यात माझ्या हातातलं ओझं कधी घेतलं नव्हतं. आम्ही चालत होतो. तो म्हणाला, "खरं सांगू, ऋता? पहिले पंधरा दिवस मी तुला फार शिव्या दिल्या. वाटलं, सूड उगवतेयस." मी समोर बघत चालत राहिले. "आता वाटतं, बरं केलंस. पोरगी मोठी झाली तसं माझ्याशी बोलायची बंद झाली होती, दोन वर्षं खोलीचं दार लावून बसायची. तुला सांगितलं नव्हतं मी. आता चार तास बोलते. तिला काय व्हायचंय, कोण आवडतं, कशाची भीती वाटते, सगळं. घरात राहिलो असतो तर मला हे कधी मिळालं नसतं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "तुझे उपकार आहेत," तो म्हणाला, माझा नवरा, मोजणी कार्यालयातला, ज्यानं मला कधी साधं थँक्यू म्हटलं नव्हतं. मला भाजीच्या पिशवीसकट त्याला गटारात ढकलावंसं वाटलं. मी म्हणाले, "आज मेथी मिळाली चांगली."

रात्रभर मी छान झोपले. सकाळी नेसरीला गेले, दोन तास घेतले, आठवीला नद्या शिकवल्या. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला जाऊन राजवीरला फोन लावला. मला हे पक्कं माहीत होतं की यात मला काहीही मिळणार नव्हतं. मैथिली मला काही सांगायला लागणार नव्हती; उलट मी पहाटे जाईन आणि अंधार पडल्यावर येईन, पुन्हा पहिल्यासारखी, पहिल्याहून वाईट. अप्पांना समजावता आलं असतं, त्यांची अट चुलीची, आणि चूल कोल्हापुरातही एकच राहिली असती. ही दोघं सकाळी दहाला घरातून निघतील, वेगवेगळ्या दिशांना, पाच-पाच मिनिटांत पोचतील. मधे ना निपाणी, ना संकेश्वर, ना खिडकी. तिनं पुन्हा खोलीचं दार लावून घ्यावं. ते चार तास माझे होऊ शकत नव्हते, तर ते त्याचेही नकोत. एवढंच मला हवं होतं आणि ते मला फार हवं होतं.

"म्याडम! किती दिसांनी!" राजवीर ओरडला. "बोला. चौथ्या मजल्याचं अजून हाय बघा, कोन घीनाच."

"तसलं नको. चांगलं दाखवा. साहेबांच्या ऑफिसला चालत पाच मिनिटं, असं. मुलीचं कॉलेजही जवळ. अभ्यासाला तिला वेगळी खोली पाहिजे, दाराला आतून कडी असलेली."

"हाय की. भारीतलं हाय. आनि तुमची शाळा, म्याडम? शाहूपुरीच न्हवं?"

"नाही. नेसरी."

"म्याडम," तो पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "नेसरी लई लांब पडतंय की वो तुमास्नी. जायला-यायला पाच तास जात्याल."

"पडू दे," मी म्हणाले. "कधी दाखवताय?"